गोठलेल्या जमिनीचे मामा

पायाखालच्या जमिनीवर इतका अविश्वास असलेला माणूस मी माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा पाहिला नाही. लोक पाहुणे म्हणून गेले की सोफ्यावर बसतात. मामा आधी भिंतीतल्या भेगा बघतात. जर्मनीत, कार्ल्सरूहेला आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा हे केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गुडघे टेकून फरशीला कान लावून बसले. घरमालकीणबाईंना वाटलं, प्रार्थना चाललीय. त्याही हात जोडून गप्प उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मामा उठले आणि म्हणाले, ‘गेनाऊ, अगदी बरोबर. घ्या हे घर.’

त्यांचं कामच तसं होतं. दूर उत्तरेला, जिथली जमीन उन्हाळ्यातही आतून गोठलेली असते, तिथल्या इमारती का खचल्या हे ते शोधत. त्या मातीबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, जणू शेजारी तान्हं बाळ निजलंय.

एकदा तिथल्या एका गावातली शाळा कलली. बांधणाऱ्या कंपनीने खापर शाळेच्या म्हाताऱ्या रखवालदारावर फोडलं, की त्याने गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला म्हणून जमीन वितळली. तपासाला मामांना पाठवलं तेही कंपनीनेच. मामा तीन दिवस शाळेखाली पालथे पडून होते. शाळा खांबांवर उभी होती, खालून गार वारा वाहावा म्हणून. पण कंपनीने शोभेसाठी ती जागा फळ्या ठोकून बंद केली होती. वारा अडला आणि वर्गांची ऊब मातीत उतरत गेली. मामांनी तसंच लिहून दिलं. रखवालदाराची नोकरी वाचली. मामांना त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. मामी चिडल्या तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, तो रोज मला चहा आणून द्यायचा. मी काय लिहिणार, हे त्याने एकदाही विचारलं नाही.’

गेल्या हिवाळ्यात त्या रखवालदाराचं पत्र आलं. फळ्या काढल्यावर शाळा काही वर्षं तगली. पण आता थंडीच पुरेशी पडत नाही, गावाखालची सगळी जमीन सैल झालीय. शाळा उतरवली, मुलं दुसऱ्या गावी गेली. मामांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं.

‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘आता बोलावलं, तर कारण म्हणून कुणाचं नाव लिहू मी?’

आम्ही दोघं खिडकीशी बसून राहिलो. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की समोरची घरं जमीन सोडून हळूहळू कुठंतरी निघाल्यासारखी दिसत होती.