नऊ घरांचे सिद्राम मिस्त्री

सिद्राम मिस्त्री माणसांआधी भिंतीची विचारपूस करत. दारात आले की बोटांच्या पेरांनी दगडावर दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि मग आमच्याकडे वळून "नमस्कार मॅडम" म्हणायचं. पहिल्या दिवशी मला हा माणूस जरा विक्षिप्तच वाटला.

मी तेव्हा सोलापुरात बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. इंग्रजांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेली नऊ घरं आमच्या ताब्यात होती. काळा दगड, चुन्याचे सांधे, दोन घरांत मिळून एकच भिंत आणि पुढे साऱ्या ओळीला जोडणारा कमानींचा व्हरांडा. मिस्त्री तीस वर्षं त्यांची डागडुजी करत होते. राहायला मात्र शुक्रवार पेठेत, पत्र्याच्या दोन खोल्यांत. 

नवव्या घराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. ते कडेचं घर पाडावं, म्हणजे बाकीची आठ वाचतील, असा अहवाल मी लिहिला आणि सही करून साहेबांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, जरा चलता का? लई येळ न्हाय घेत."

व्हरांड्यात नेऊन त्यांनी मला एकेका खांबाला मिठी मारायला लावली. आठ खांब सहज कवेत आले. कडेचा नववा काही केल्या मावेना.

"ह्योच एवढा जाड का बांधला असंल?" त्यांनी विचारलं. "गोऱ्या साहेबाला दगुड जास्ती झाला व्हता व्हय?"

माझ्या लक्षात आलं. प्रत्येक कमान शेजारच्या खांबाला रेटत होती आणि सगळ्या ओळीचा रेटा तो शेवटचा खांब झेलत होता. नववं घर पाडताना तो काढला असता तर आठही घरं एकामागून एक बसली असती. पाचव्या घरात तेव्हा एक लेकुरवाळी राहत होती.

"तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"सही तुमची हाय की. तुमीच माघारी घ्या. चुकलं म्हणायला काय लाज?"

मी अहवाल मागे घेतला. साहेब सगळ्यांसमोर बोलले, तेही ऐकून घेतलं. भेग पडली होती ती आधीच्या ठेकेदाराने दगडांवर थापलेल्या सिमेंटमुळे. आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मिस्त्रींनी ते खरवडून काढलं, चुना भिजत घातला आणि चार महिने एकेक दगड सुटा करून परत बसवला. मी घाई केली की म्हणत, "चुन्याला दटावून चालत न्हाय मॅडम. त्याला वाळू द्या त्याच्या मनानं."

एक दगड काढला तेव्हा आतल्या जुन्या चुन्यात चार बोटं उमटलेली दिसली. बारीक, बाईची असावीत. मिस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवली. त्यांची आजी याच घरांवर चुना वाहायची, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं.

"आजीची असतील?" मी हळूच विचारलं.

"काय ठावं. पर कुणाची तरी आजी असंलच की." एवढं बोलून त्यांनी ती बोटं तशीच ठेवली आणि वर दगड बसवला.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. दहाव्यानंतर त्यांच्या पत्नी कमलाबाई माझ्याकडे आल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी नऊ घरांच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. "ह्यांचं काम एकदा बघायचं हाय," म्हणाल्या. मी त्यांना नवव्या घराकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी बसवलेले दगड दाखवावेत म्हणून भिंतीवरून हात फिरवत राहिले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. जुनं कुठं संपतं आणि त्यांचं कुठं सुरू होतं, ते मला काही सापडेना.

"मला ओळखू येत नाहीये हो, कमलाबाई," मी ओशाळून म्हणाले.

त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "मग चांगलं केलं असंल ह्यांनी."