काचेच्या चौकटी आणि एक भिजकी दोरी

इंदापुरात आमचं पिढीजात सुतारकाम. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास वडिलांच्या हाताची ख्याती पुण्यापर्यंत गेली आणि तिथल्या विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीतलं काम चालून आलं. एका लांबलचक दालनात खांबांच्या मधल्या गाळ्यांत काचा बसवून खोल्या करायच्या होत्या. मी हरखून गेलो. वडील मात्र तिथल्या सागवानी खांबांपाशीच थबकले. काय ती वेलबुट्टी कोरलेली! कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर म्हणाले, "खांबांना बोटभर खाच पाडा आणि चौकट त्यात अडकवा."

"व्हय साहेब," वडील म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वडिलांचा टेपवर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक गाळ्याला कोरी सुती दोरी लावायची, खाचांसाठी दोन बोटं वाढवायची आणि गाठ मारायची, ही त्यांची रीत. माझ्या खिशात टेप होता, पण तो बाहेर काढायची माझी टाप नव्हती. दोऱ्या सांभाळायच्या तेवढ्या माझ्याकडे. कळस गावच्या माझ्या सासऱ्यांनी पुण्याहून फ्लॉवरची रोपं मागवली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली ती रोपं आणि दोऱ्या मी शहाण्यानं एकाच पिशवीत कोंबल्या. घरी आल्यावर दोऱ्या गुपचूप वाळत घातल्या. त्यांच्याच मापानं चौकटी झाल्या.

पुण्यात खाचा पाडायच्या दिवशी वडिलांनी पटाशी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. शेवटी म्हणाले, "आदी चौकट लावून बगू." वेळ काढत होते, हे मला दिसत होतं. आम्ही दोघांनी चौकट उभी केली, तर ती दोन खांबांच्या मधे अलगद जाऊन बसली. दुसरीही तशीच, तिसरीही.

"दोन बोटं कमी कशी रं भरली?" वडिलांनी मला विचारलं.

"दोऱ्या भिजल्या व्हत्या, तात्या. आटल्या."

काम गेलं आणि वडिलांची अब्रूही गेली, असं मी धरूनच चाललो. तेवढ्यात ओव्हरसियर आले. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी ढकलून पाहिली. "खाली फरशीला न् वर तुळईला पट्टी मारली की हलायची न्हाय साहेब," वडील घाईघाईनं म्हणाले. साहेबांनी खालची फरशी आणि वरची तुळई निरखून पाहिली. "मग खाचा कशाला? राहू द्या खांब तसेच."

ते गेले आणि माझा जीव भांड्यात पडला. वडील खांबाला टेकून खालीच बसले. आता आपला उद्धार होणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो, पण ते कोरीव वेलीवरून हात फिरवत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"ह्यो कुणी कोरला ठावं न्हाय," ते म्हणाले. "पर ह्याच्यावर माजी पटाशी पडली असती, तर मी परत हत्यार हातात धरलं नसतं."