आज किती घोडा?

“सिस्टर, आज किती घोडा?” बाही वर सारत मास्तर विचारायचे. दवाखान्यात कुणी नवखं बसलेलं असलं की हा प्रश्न मुद्दाम मोठ्याने.

तुम्ही आमच्या महाल भागातले असाल तर त्यांना ओळखालच. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले मास्तर, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या गप्पांचे. सत्तरच्या दशकात मी तिथल्या एका डॉक्टरांकडे नर्स होते. मास्तरांना दमा होता. हातावर चाचण्या करून डॉक्टरांनी कारण शोधलं: घोडा! वरात मांडवाशी पोचली की नवरदेवाचा घोडा बँडला खेटून उभा राहायचा. नेमकं तिथेच क्लॅरिनेट गप्प व्हायचं आणि मास्तरांची छाती वाजायला लागायची. शेवटी बँडमालकाने त्यांच्या हातात झांजा दिल्या.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्या शरीराला घोडा शत्रू वाटतो. त्याला हळूहळू सवय लावू.” घोड्याच्या अंगावरच्या कोंड्याचा अगदी पातळ अर्क दर आठवड्याला टोचायचा, थोडा थोडा वाढवत. मास्तरांनी या उपचाराला आपली मापं लावली. पहिली सुई म्हणजे खूर. मग गुडघा, मग शेपटी. बाकावरच्या पेशंटला सांगायचे, “अर्धा घोडा आत गेला गा. आता तोंडाकडचा राहिला.” एकदा सुई टोचताच असे खिंकाळले की एक म्हातारी चपला टाकून पळाली. डॉक्टर चिडले. मी औषधांच्या कपाटात तोंड लपवलं, तर मास्तर वर मलाच विचारतात, “काहून हसून राहिली वं?”

एकदा मी म्हटलं, “मास्तर, मोटारीच्या वराती वाजवा ना. घोडा हवाच कशाला?”

ते पहिल्यांदाच गंभीर झाले. “माह्या पोट्टीचं लग्न आहे वं. जन्मभर लोकायचे नवरदेव वाजवत मांडवात नेले. अन् माह्याच जावयाच्या टायमाले झांजा बडवू काय?”

लग्नाचा दिवस उजाडला, तरी घोडा सोसेल अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. लग्नात मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा असतो. हा बाप व्याह्यांच्या वरातीत सगळ्यांपुढे, वाजवत! नातेवाईक कुजबुजत होते. मी पर्समध्ये दम्याच्या औषधाने भरलेली सिरिंज घेऊन बाजूने चालले होते, जीव मुठीत धरून. मला त्यांचा फार लळा लागला होता.

मांडव आला. घोडा थेट मास्तरांच्या खांद्याशी. क्लॅरिनेट थांबलं नाही. उलट घोडाच शिंकला.

“त्यालेच माही अ‍ॅलर्जी आहे!” मास्तर ओरडले आणि पुन्हा वाजवायला लागले.

संध्याकाळी पाठवणी. मुलगी पाया पडली. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, पण सूरच उमटेना. छाती वरखाली व्हायला लागली. मी पर्स उघडत धावले.

त्यांनी माझा हात धरला. “राहू दे वं सुई. दमा नाही हा.”

मुलगी गाडीत बसत होती.

“पोट्टी चालली.”