फिटनंतरची काही मिनिटं

आईच्या अंत्यविधीला पाळकांनी तिचा जीवनपट वाचून दाखवला. आमच्या चर्चची तशी पद्धतच आहे. गेलेल्या माणसाबद्दल अर्धं पान लिहायचं आणि शवपेटीशेजारी उभं राहून ते वाचायचं. त्या अर्ध्या पानात आई बसली. प्रेमळ माता, कष्टाळू स्त्री, मंडळीची निष्ठावंत सेविका, प्रार्थनेची बाई. मागच्या बाकांवरून नाकं ओढल्याचे आवाज आले. मी मात्र दात आवळून बसले होते. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि माझी आई त्यात कुठेच नव्हती.

म्हणून हे लिहितेय. हे कुणाला उभं राहून वाचायचं नाही, त्यामुळे गोड बोलायची सक्तीही नाही.

बाबा गेले तेव्हा दादा शाळेत जायला लागला होता आणि मी अजून कडेवर होते. आईला गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणाचं काम मिळालं. लांबलचक खोली, पत्र्याचं छप्पर, एका ओळीत मशीनी, आणि अगदी टोकाला, खिडकीपाशी आई. शर्ट शिवून तिच्याकडे यायचे, ती काजं करायची, बटणं लावायची, दोरे कापायची. कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. काजवालीला द्या, काजवालीला विचारा. उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचून टोचून तिथली कातडी इतकी निबर झाली होती की गरम भांडं ती त्याच बोटाने चाचपायची.

उरलेला जीव चर्चचा. शनिवारी दुपारी कारखाना सुटला की ती थेट तिकडे जायची. बाक पुसायची, फरशीवर सांडलेलं मेण सुरीने खरवडायची, गीतांची पुस्तकं बाकांमागच्या फळ्यांवर सारखी करून ठेवायची. प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड घरी आणून धुवायची आणि अशी इस्त्री करायची की त्याला हात लावायची आम्हाला भीती वाटे. घरातल्या पडद्यांना मात्र वर्षानुवर्षं पाणी लागलं नाही. मी एकदा म्हटलं, ‘‘देवाला धूळ दिसते का गं?’’

‘‘देवाला नाही दिसत,’’ ती म्हणाली, ‘‘पाळकांच्या बायकोला दिसते.’’

म्हणजे ती भोळी नव्हती. माणसं तिला चांगली कळायची. फक्त चर्चमध्ये पाऊल टाकलं की तिला माणसं दिसेनाशी व्हायची. दूध नासलं, मशीनचा पट्टा तुटला, मला ताप आला, सगळं ती देवाला सांगायची, आणि तेही शेजारणीला सांगावं तसं, मोठ्याने. घरी असली की पुटपुटत आणि चर्चमध्ये असली की उभी राहून. प्रवचन संपलं की पाळक विचारायचे, ‘‘कुणाच्या काही विनंत्या?’’ मग एकेक जण उठून सांगायचा. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचा दारू पिणारा जावई. सगळ्यांनी माना खाली घालून त्यासाठी प्रार्थना करायची. माना खाली असल्या तरी कान उघडेच असतात. गावातल्या निम्म्या बातम्या तिथूनच बाहेर पडायच्या.

दादा मोठा होऊन बसचा ड्रायव्हर झाला, तेव्हा आईचे पाय जमिनीला लागेनात. त्याच्या गणवेशाची काजं तिने स्वतः, हाताने केली. मग चर्चमधल्याच चष्मेवाल्यांच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. मुलगी देखणी, हसरी, आणि दादा तिच्यासमोर अगदी शेळी व्हायचा. आता सगळं सुरळीत होणार असं आम्हाला वाटत होतं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दादाला फिट आली.

तो टेबल आणि चुलीच्या मधल्या जागेत कोसळला. हातपाय ताठले, मग उडायला लागले, तोंडाला फेस आला. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग शांत झाल्यावर त्याने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत कुणीच नव्हतं. कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, काही कळत नव्हतं त्याला. लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, ‘‘आई, पाणी दे.’’

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. दादाने अर्धंच ऐकलं. ‘‘गोळ्या घेईन, पण गाडी सोडणार नाही. लग्न तोंडावर आलंय. आई, कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. शपथ घे.’’

‘‘नाही रे काढणार,’’ आई म्हणाली. आणि खरंच तिने तोंडाला कुलूप लावलं. शेजारपाजार, कारखाना, कुठेही नाही.

रविवारी पाळकांनी विनंत्या विचारल्या आणि माझ्या शेजारून आई उठली. मी तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, ती म्हणाली, ‘‘प्रभू, माझ्या लेकाला फिट येते. डॉक्टर म्हणतात हे जन्माचं दुखणं आहे. तो गाडी चालवतो, त्याच्या हाताला धर. त्याला बरं कर.’’ तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सारं चर्च हळहळलं. तिसऱ्या बाकावरून डेपोचे साहेब उठून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मनापासून प्रार्थना केली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. सोमवारी सकाळी त्यांनी दादाला बोलावून गाडीची किल्ली काढून घेतली.

साहेबांना मी दोष देत नाही. दादाच्या बसमध्ये शाळेची पोरं असायची आणि रस्ता डोंगराचा. दादाच चुकत होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. त्या पोरांचा विचार करून आईने तोंड उघडलं असतं, तर मी तिच्या बाजूने भांडले असते. पण तिच्या मनात पोरंबिरं काही नव्हती. तिच्या मनात एकटा दादा होता, आणि त्याचंच तिने वाटोळं केलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

त्या संध्याकाळी दादा दारातच उभा राहिला. ‘‘तू शपथ घेतली होतीस.’’

‘‘मी कुणाला सांगितलं रे?’’ आई खरोखरच गोंधळली होती. ‘‘मी देवाला सांगितलं.’’

‘‘मग तिसऱ्या बाकावर काय देव बसला होता?’’

शुद्धीत असताना त्याने आईशी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

चष्मेवाले आठवडाभरात घरी आले. चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आईच्या इस्त्रीचं कौतुक केलं, आणि जाता जाता लग्न मोडून गेले. दादाला डेपोत बस धुवायचं काम मिळालं. ज्या गाडीत वर बसायचा, तिच्याखालच्या खड्ड्यात रबरी बूट घालून उभा राहू लागला. आणि घरात अबोला. तसा अबोला घरोघरी असतो, पण चार दिवसांनी विरतो. हा विरला नाही. ‘‘तिला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय,’’ असं तो मला सांगायचा, आणि ती माझ्या शेजारीच उभी असायची. आई मात्र त्याच्याशी थेट बोलायची, जणू काही झालंच नाही. कारखान्यात काय झालं, पलीकडच्या गल्लीत कोण वारलं, सगळं सांगायची. तो जेवून उठायचा. तिला त्याच्याकडून माफीबिफी नको होती. त्याने एकदा आई म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी ती झुरत होती.

हाक आली, पण कधी, तर दोन वर्षांनी पुढची फिट आली तेव्हा. गोळ्यांनी फिटा कमी झाल्या होत्या, पूर्ण थांबल्या नव्हत्या. तो पडला, आईने डोकं मांडीवर घेतलं, कॉलरचं बटण सोडलं. डोळे उघडल्यावर तो म्हणाला, ‘‘आई, काय झालं? पाणी दे ना.’’

मधली दोन वर्षं त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. ‘‘माझी गाडी किती वाजताची आहे गं?’’

‘‘आज सुट्टी आहे तुला,’’ आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. ‘‘पडून राहा.’’

‘‘ती आली होती का?’’

‘‘येणार आहे. संध्याकाळी.’’

तो हसला. मग हळूहळू नजर स्वच्छ होत गेली. आपण कुणाच्या मांडीवर आहोत हे त्याला कळलं. त्याने डोकं उचललं, भिंतीला धरून उठला आणि खोलीत जाऊन कडी लावली. आई तशीच जमिनीवर बसून राहिली, हातात अर्धा प्यालेला पेला.

हे मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं. आधी मी दादाकडेच बघायचे. मग एकदा लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. तो उजळला होता. फिट यायच्या आधी दादाचा डावा हात किंचित उडायचा. तो उडाला की आई चुलीवरचं सोडून त्याच्या मागे येऊन उभी राहायची. त्याने खाली आपटू नये म्हणून, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते. पण बरेच दिवस फिट आली नाही की तीच बेचैन व्हायची. हातातून भांडी पडायची, झोप लागायची नाही. आणि चर्चमध्ये पाळकांनी विनंत्या विचारल्या की ती आता मान खाली घालून गप्प बसून असायची. लोकांना वाटलं, चटका बसला, शहाणी झाली. मलाही तसंच वाटलं होतं.

दादा गेला तो डेपोत. सकाळची वेळ होती, बाकीचे चहाला गेले होते. गाडीखालच्या खड्ड्यात धुण्याचं पाणी साचलं होतं, गुडघाभरही नव्हतं. त्यात तो तोंडावर पडला. साहेब स्वतः कारखान्यात निरोप घेऊन आले. मशीनी एकेक करून थांबल्या. आईने सुई कापडात खोचून ठेवली आणि विचारलं, ‘‘शेवटी काही बोलला का?’’

‘‘जवळ कुणी नव्हतं, काकू,’’ साहेब म्हणाले.

ती रडली नाही. रडेल तर मोकळी होईल, असं सगळे म्हणत होते. सल्ले द्यायला लोकांना पैसे पडत नाहीत. चर्चला जाणं, बाक पुसणं, कापड धुणं, सगळं चालू राहिलं. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट आणि द्राक्षारसाचा पेला हातोहात बाकावरून यायचा, तेव्हा ती दोन्ही तशीच पुढे माझ्याकडे सरकवायची. घ्यायची नाही. पाळकांनी विचारलं तर पोट बरं नाही म्हणाली. वर्षं उलटली तरी तिचं पोट बरं होईना.

शेवटी एकदा, ती टेबलाच्या त्या कापडाला इस्त्री करत असताना, मी सरळ विचारलं. ‘‘का घेत नाहीस गं? देवावर रागावलीस?’’

‘‘छे! त्याचं काय चुकलं?’’ तिने कापड उलटं केलं. ‘‘दादाच्या फिटा थांबाव्यात म्हणून मी पुन्हा कधी मागितलंच नाही. आधी तोंड उघडायची भीती होती म्हणून. मग… फिट आल्यावर तो बोलायचा ना माझ्याशी. मला फिट हवी असायची. वाट बघायची मी. आई असून.’’

तू मागितलं असतंस तरी तो पडायचा तेव्हा पडलाच असता, मागून काही होत नसतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हणजे एका हाताने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं आणि दुसऱ्या हाताने तिचा देव काढून घ्यायचा. म्हणून म्हटलं, ‘‘देव क्षमा करतो म्हणता ना तुम्ही लोक? मग माग क्षमा आणि मोकळी हो.’’

‘‘पश्चात्ताप झाल्यावर करतो.’’ ती कोपरा दाबून दाबून इस्त्री फिरवत होती. ‘‘तो आत्ता या दारातून आत आला आणि इथे पडला, तर मी पुन्हा तेच करेन गं. त्या चार शब्दांसाठी. मला पश्चात्ताप होतच नाही. खोटं बोलून पेल्याला हात कसा लावू?’’

तिने कापडाची घडी घातली, आणि मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

शेवटच्या आजारात ती वाळून काडी झाली. पाळक दुपारी प्रभुभोजन घेऊन घरी आले. खाटेशेजारी बसून त्यांनी वचन वाचलं, भाकरीचा कण तिच्या ओठांशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले. मग पेला नेला, तरी तेच. द्राक्षारस हनुवटीवरून ओघळून उशीवर पडला. पाळकांनी रुमालाने टिपला. ‘‘गिळता येत नाही बिचारीला,’’ ते मला हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘हरकत नाही. देव मन बघतो.’’ आई डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आले, तेव्हा ती कोपरावर उठून बसायची धडपड करत होती. ‘‘पाणी दे,’’ म्हणाली. मी पेला धरला आणि तिने तो घटाघटा रिकामा केला.