काय हवं आपल्याला?

तरुणपणी मी घरची वऱ्हाडी बोली टाकून दिली आणि मग तीच बाजारात शोधायला गेले, इतकी मी हुशार! अमरावतीच्या कॉलेजात मी पुणेरी बोलायला शिकले. चालती-बोलती आकाशवाणीच म्हणा ना. तेवढ्यात आमच्या दिग्दर्शकांना नाटकात सगळं खरं हवंसं झालं. टोपली खरी, संत्री खरी, संत्री विकणारी बाईही खरी वाटायला हवी. ती बाई मी. बोली जमली नाही, तर भूमिका दुसरीला मिळणार होती.

म्हणून मी रोज वरूडकडच्या एका संत्रेवालीपुढे उभी राहायचे. एकेक संत्रं ती पदराला पुसून मांडायची आणि शेजारणीवर खेकसायची, "काहून वं, माह्या जागेत पसरून राहिली?" मी हरखून जवळ गेले, की पदर सावरून, ओठ आवळून म्हणायची, "काय हवं आपल्याला?" एकदा मीच वऱ्हाडीत भाव विचारला, तर फुरंगटली. तिला वाटलं, मी वेडावतेय. शेवटी टपरीआडून ऐकून ऐकून शिकले.

प्रयोगाला तिलाही बोलावलं. नाटकात मी साहेबाच्या बायकोशी कमरेवर हात ठेवून अस्सल वऱ्हाडीत भांडले. टाळ्या पडल्या. नंतर संत्रेवाली रंगपटात आली आणि माझ्या रंगवलेल्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्याइतकं खरं परीक्षण मला पुढे कधी मिळालं नाही.

"बाकी सारं खरं होतं, ताई. पण साहेबाच्या बायकोसमोर ते बाई अशी कशी बोलली? मी कधी बोलली काय तुमच्यासंग अशी?"