दाढेची अर्धी टोपी

मंदाकिनी पेंडसे सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात बिलं करायच्या. थोरले डॉक्टर शरच्चंद्र होते तेव्हापासून. डॉक्टर आतून ओरडून सांगायचे, बाई बाहेर लिहायच्या. सगळं मराठीत. दात काढला. दाढ भरली. टोपी घातली. क्राउनला टोपी हा शब्द थोरल्या डॉक्टरांचाच.

डॉक्टर गेले. मुलगा श्रीनिवास अमेरिकेत शिकून आला. पाठोपाठ कॉम्प्युटर आला, आणि प्रत्येक कामाला एक कोड. बिलं इंग्रजीत छापली जाऊ लागली. बाईंनी एवढंच मागून घेतलं, की कोडाखाली एक मराठी ओळ हाताने लिहीन.

"लिहा," श्रीनिवास म्हणाला. "एक तक्रार आली, की बंद."

जुन्या दवाखान्यातलं बाईंच्या हातात तेवढंच उरलं होतं.

मग धायरीचे जयसिंगराव पोकळे आले. मधली एक दाढ पडलेली. तिथे ब्रिज, म्हणजे खोटी दाढ, बसवायचा, आणि शेजारच्या दोन दाढांनी तो पेलायचा. त्या दोन्ही धडधाकट. म्हणून श्रीनिवासने त्या चहूबाजूंनी घासल्या नाहीत. चावायच्या बाजूवर तेवढं धातूचं आवरण बसवलं. याला ऑनले म्हणतात. पूर्ण क्राउनचा कोड वेगळा, याचा वेगळा. कोड अचूक पडला. खाली बाईंनी लिहिलं, 'आधाराच्या दोन दाढांना अर्धी टोपी घातली.'

दुसऱ्या दिवशी जयसिंगराव बिल नाचवत हजर.

"फसवायचं ते फसवायचं, वर लिहून बी द्यायचं? अर्धी टोपी घातली म्हनं! अर्धीच का? पुरी घालायची हुती की!"

बाकावरच्या बायका पदराआड हसल्या. श्रीनिवास बाहेर आला. त्याने ती ओळ वाचली.

"बाई, आजपासून बंद."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पण माणूस रागावून तसाच धायरीला जाणार, हे काही त्यांना पटेना.

"जयसिंगराव, बसा. आमचे थोरले डॉक्टर याला टोपी म्हणायचे. दाढ सगळी झाकली की पूर्ण टोपी. तुमच्या दाढा चांगल्या, म्हणून फक्त वरून झाकल्या. बघा जीभ लावून."

जयसिंगरावांनी जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. चेहरा निवला.

"आसं हाय व्हय! मंग ही पत्री झाली की."

"पत्री? गणपतीला वाहतात ती?"

"न्हाय ओ बाई, बैलाची! खुराच्या तळाला लोखंडाची पत्री मारत्यात, झिजू नये म्हनून. बाकी खूर हाय तसा. तुमी पेठंतली मान्सं, तुमाला पालाच आठवनार."

आता श्रीनिवासलाच हसू आवरेना.

"म्हणजे त्यांना टोपी कळली नाही, तुम्हाला पत्री कळली नाही. यापेक्षा माझे कोड काय वाईट?"

बाईंच्या आधी जयसिंगराव बोलले. "डाक्टर, तो आकडा मला कोन समजावनार? भांडायला तरी मराठीतली वळ पायजे का न्हाय?"

श्रीनिवासने ते बिल बाईंपुढे ठेवलं. "राहू द्या ओळ," तो म्हणाला. "पण टोपी काढा."

बाईंनी नवं बिल पुढ्यात घेतलं. कोड तोच. खाली सावकाश लिहिलं, 'आधाराच्या दोन दाढांना वरून पत्री बसवली.' जयसिंगरावांनी मोठ्याने वाचलं, मान डोलावली आणि घडी करून खिशात ठेवलं.

बिलावर बाईंनी टोपी पुन्हा लिहिली नाही. मात्र स्वतःच्या डाव्या दाढेवरच्या क्राउनला त्या आजही टोपीच म्हणतात. ती थोरल्या डॉक्टरांनी घातलेली.