फिकारचे सतरा अर्थ

मामांच्या दारावर पाटी होती: ‘पोर्तुगीज भाषातज्ज्ञ’. ही पदवी कुणी दिली, असं विचारायची सोय नव्हती, कारण पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती. गोदामात कारकुनी करता करता टपालाने मागवलेल्या पुस्तकांवरून ते ही भाषा शिकले, आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत सहा खुर्च्या मांडून ती लोकांच्या माथी मारू लागले. पोर्तुगीज बोलणारा जिवंत माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. भेटला असता तर यांनी आधी त्याचं व्याकरण तपासलं असतं.

शिकवण्याची तऱ्हाही खास त्यांची. पहिलं क्रियापद ‘फिकार’. थांबणं, राहणं, होणं, एखादी जागा कुठेतरी असणं, कपडा अंगाला शोभणं, वस्तू आपल्याकडे ठेवून घेणं, असे त्याचे सतरा अर्थ मामांनी खणून काढले होते. प्रत्येक अर्थाची चाळीस वाक्यं वहीत उतरेपर्यंत वर्गात कुणी तोंड उघडायचं नाही. “चुकीचं एकदा जिभेवर बसलं की जन्मात निघत नाही,” असं ते नाकाने कांदे सोलत सांगत. बहुतेक जण सातव्या-आठव्या अर्थालाच पळ काढत. मामा त्यांना आळशी ठरवून मोकळे होत.

या तावडीत त्यांची सख्खी भाची सापडली. ती नर्स होती. आठ वर्षं एकाच इस्पितळात राबूनही नोकरी तात्पुरतीच राहिली होती. आता परदेशातल्या इस्पितळाने मुलाखतीला बोलावलं होतं, सात आठवड्यांनी आणि तीही पोर्तुगीजमध्ये. ही संधी हुकली की पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

“मामा, पेशंटशी बोलायचं तेवढं शिकवा ना. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, बास.”

“बोलायचं? अगं, पाया खणला नाही आणि माडी बांधायला निघालीस! दुसरा अर्थ काढ.”

तिने आईकडे गाऱ्हाणं केलं. आई म्हणाली, “दादा एवढा शिकलेला, त्याला कळत नसेल होय?” भाचीनेही मुकाट्याने मान डोलावली. शहाणी बाई, पण मामांपुढे तिचं शहाणपण कुठे जाई कोण जाणे! सहाव्या आठवड्यात लिहिता लिहिता ती एक वाक्य हळूच पुटपुटायला गेली, तर मामांनी टेबलावर पट्टी आपटली. “ओठ हलतायत!”

मुलाखतीला उमेदवार दोघी-दोघी बसवल्या होत्या. समोरच्या बाईंनी भाचीच्या हातात छापील कार्ड दिलं. तिने ते मनातल्या मनात एका दमात वाचलं. ऑपरेशनआधी पेशंट घाबरलाय, मला एकटं सोडू नका म्हणतोय, तुम्ही त्याला काय सांगाल? भाचीला हायसं वाटलं. ‘मी इथेच थांबते.’ फिकार, अर्थ पहिला, वाक्य पाचवं. अक्षरं निळ्या शाईसकट डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने तोंड उघडलं आणि दातखीळच बसली. त्या भाषेतला स्वतःचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. बाईंनी वाट पाहिली, पाण्याचा ग्लास पुढे केला, पुन्हा वाट पाहिली. मग कार्ड शेजारच्या मुलीकडे गेलं.

त्या मुलीला कार्ड धड वाचताही येईना. बाईंनीच ते वाचून दाखवलं. मुलीने सरळ बाईंचा हात हातात घेतला आणि अडखळत तेच तीन शब्द म्हटले, त्यातलाही एक चुकीचा. बाई हसल्या आणि तिचा हात त्यांनी दाबून धरला. जागा तिला मिळाली, हे तिथल्या तिथेच सांगण्यात आलं.

मामा दारातच वाट पाहत होते. “कुठल्या अर्थावर विचारलं?”

“पहिल्या.”

“मग? काय चुकलीस?”

“मी बोललेच नाही मामा. एक अक्षरसुद्धा नाही. जागा दुसरीला मिळाली.”

शेवटचं वाक्य मामांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांचा चेहरा खुलला होता. “म्हणजे चूक एकही नाही! शाबास!” त्यांनी तिच्या पिशवीतली वही ओढून काढली आणि तिथेच उभ्या उभ्या, लाल शाईने, शंभरपैकी शंभर दिले.